गळतीचे मूळ

पाणी जेथे दिसते तेथूनच ते निघालेले असते, असा बहुतेकांचा समज असतो. छतातून थेंब पडला की लोक त्याच्या नेमक्या वरची फरशी फोडू पाहतात. भिंतीला ओल आली की त्याच जागी गिलावा खरवडू लागतात. वस्तुतः पाणी मोठे भटके आहे. नळीच्या पोटाला चिकटून ते हातभर चालत जाते, फरशीच्या सांध्यातून आडवे सरकते आणि जेथे उतार संपतो किंवा एखादे टोक खाली झुकलेले असते, तेथे क्षणभर थांबून थेंबाच्या रूपाने खाली येते. त्यामुळे ओली जागा ही गळतीची केवळ खूण होय. गळतीचे मूळ तिच्यापासून दूर असू शकते.

शौचालयात ही अडचण अधिकच वाढते. तेथे एका हाताच्या अंतरात तीन प्रकारचे पाणी नांदत असते. नळीतून येणारे स्वच्छ पाणी, टाकीत साठलेले पाणी आणि भांड्यातून बाहेर जाणारे मलिन पाणी. जमिनीवर साचलेले पाणी यांपैकी कोणते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आणि ते कळणे तर अत्यंत अगत्याचे असते; कारण स्वच्छ पाणी गळत असेल तर नुकसान पाण्याचे व पैशाचे, परंतु मलिन पाणी गळत असेल तर विषमज्वर, कावीळ, पटकी यांसारख्या रोगांना घरात वाट मिळते.

म्हणून शोध घेणाऱ्याने प्रथम पाण्याचा मार्ग समजून घ्यावा. भिंतीतील नळाच्या तोंडावर एक लहानशी तोटी असते. तिला कारागीर ‘अँगल कॉक’ म्हणतात. तिच्यापासून एक लवचिक जोडनळी टाकीच्या बुडाशी जाते. टाकीत एक तरंगता गोळा अथवा तरंगता डबा असतो. पाणी चढले की तो वर उचलला जातो आणि आत येणाऱ्या पाण्याचे तोंड बंद करतो. टाकीच्या तळाशी पाणी भांड्यात सोडणारे भोक असून त्यावर रबरी चकती बसलेली असते. कळ दाबली म्हणजे ती उचलली जाते. शेजारीच एक उभी पोकळ नळी असते. तरंगता गोळा बिघडून पाणी वाजवीपेक्षा अधिक चढले, तर ते या नळीवाटे भांड्यात उतरते, जमिनीवर सांडत नाही. भांड्याच्या पोटात नळीला एक वळण दिलेले असते व त्या वळणात पाणी कायम उभे राहते. हे उभे पाणी म्हणजे दुर्गंधीला लावलेले दारच होय. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली इंग्लंडमध्ये अशा वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्याआधी १५९६ सालीच सर जॉन हॅरिंग्टन याने पाणी सोडून धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु दुर्गंधी परत घरात येऊ नये, याची चांगली सोय झाली ती या साध्या वाकड्या नळीने. वळणानंतर भांड्याचे तोंड जमिनीतील किंवा भिंतीतील मोठ्या नळाला जोडलेले असते आणि तो सांधा सिमेंटने किंवा रबरी कड्याने बुजवलेला असतो.

एवढ्या मार्गावर पाच-सहा सांधे येतात. त्यांपैकी कोणताही सांधा दगा देऊ शकतो.

पुण्याच्या उपनगरातील एका तीन मजली इमारतीत घडलेली हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मार्गशीर्षातील थंडीचे दिवस होते. दुसऱ्या मजल्यावरील एका घरात शौचालयाच्या भांड्यामागे रोज सकाळी पाण्याचे थारोळे दिसू लागले. पहिले दोन दिवस सर्वांनी ते पुसून टाकले व विसरून गेले. तिसऱ्या दिवशी घरातील आजोबांचा पाय त्यावरून घसरला. दाराची कडी हाती लागली म्हणून ते पडता पडता वाचले. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरील गृहस्थ वर आले. त्यांच्या छताला ताटाएवढी ओल आली होती. ‘‘तुमच्या संडासाचे पाणी आमच्या डोक्यावर उतरते आहे,’’ असे ते म्हणाले आणि पाणी न घेताच परत गेले. एरवी दिवाळीच्या फराळाचे ताट या दोन घरांत जाई-येई. आता जिन्यात भेट झाली तरी कोणी बोलेना. पुढे इमारतीच्या चिटणिसांचे पत्र आले, की महिनाअखेरपर्यंत भांडे उखडून फरशी फोडावी व खर्च वरच्या घराने सोसावा. बोलावलेल्या कारागिरानेही उभ्याउभ्याच पाहून तोच सल्ला दिला.

आजोबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय रेघ ओढायची नाही, ही त्यांची जन्मभराची सवय. ते म्हणाले, ‘‘फोडायला एक दिवस पुरेल, पण फोडून जर गळती तिथे नसलीच, तर फोडलेली फरशी काही परत जुळत नाही. आठ दिवस द्या.’’ त्यांनी सातवीत शिकणाऱ्या नातीला व तिच्या थोरल्या भावाला हाताशी घेतले. भावाने आदल्याच दिवशी पाना घेऊन जोडनळीचे खालचे पेच घट्ट आवळले होते, कारण त्याने तेथूनच थेंब पडताना पाहिला होता. तरीही पाणी येतच होते.

रात्री त्यांनी शौचालय धुऊन फडक्याने अगदी कोरडे केले. टाकीचे अंगही पुसले. थंड देशांत नळाचे पाणी फार गार असते, तेव्हा खोलीतील दमट हवेमुळे टाकीच्या बाहेरच्या अंगावर दव जमते आणि ते ओघळून गळतीचा भास होतो. अशा वेळी थेंब टाकीच्या सर्व अंगावर सारखे पसरलेले आढळतात. येथे तसे काही नव्हते. मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचे चार तुकडे अंथरले व त्यांवर आकडे घातले. पहिला टाकीखाली भिंतीलगत, दुसरा भांड्यामागे, तिसरा भांड्यापुढे आणि चौथा बाजूच्या भिंतीवर टांगलेल्या हातफवाऱ्याखाली. घरात दुसरे शौचालय होते, म्हणून हे रात्रभर कोणी वापरले नाही.

सकाळी पहिला व दुसरा कागद भिजलेला होता; तिसरा व चौथा कोरडा.

‘‘म्हणजे जमिनीतला सांधा सुटला!’’ भाऊ म्हणाला. ‘‘रात्रभर कोणी पाणीच सोडले नाही, तर त्या सांध्यातून येणार काय?’’

हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु आजोबांनी विचारले, ‘‘टाकीच्या तळाची चकती नीट बसत नसेल आणि टाकीतले पाणी गुपचूप भांड्यात उतरत असेल, तर?’’ तसे असेल, तर कोणी कळ न दाबताही भांड्यातून पाणी पुढे सरकत राहणार व तुटक्या सांध्यातून बाहेर येणार. तेव्हा त्या सांध्याला इतक्यात निर्दोष ठरवता येत नव्हते.

यावर उपाय साधा आहे. पाणी बोलत नाही. त्याला रंग दिला म्हणजे ते आपली वाट सांगते. कपड्यांना घालण्याच्या निळीचे काही थेंब नातीने टाकीत टाकले, पाणी ढवळले आणि अर्धा तास कोणी कळीला हात लावू नये म्हणून दाराला कडी घातली. अर्ध्या तासाने पाहिले तो भांड्यातील पाणी निळसर झालेले. टाकीची चकती झिरपत होती, हे सिद्ध झाले.

भावाला वाटले, शोध संपला. परंतु नातीने भांड्यामागचा भिजलेला कागद उचलून प्रकाशात धरला. तो ओला होता, पण निळा नव्हता. पांढरा कापूस टेकवून पाहिला, तोही पांढराच राहिला.

येथे आजोबांनी आणखी एक शंका काढली. भांड्याच्या वळणात आधीचे बिनरंगी पाणी बरेच होते. प्रथम बाहेर गेले असेल ते कदाचित तेच असेल. म्हणून त्यांनी कळ दाबून टाकीतील सारे निळे पाणी भांड्यातून जाऊ दिले, टाकी पुन्हा भरल्यावर तिच्यात पुन्हा नीळ घातली, जमीन पुसून नवे कागद ठेवले आणि तासभर वाट पाहिली. आता टाकी निळी, भांडे निळे, वळण निळे. कागदावर मात्र पुन्हा स्वच्छ पाणी.

या एका कागदाने किती जणांची सुटका केली, ते पाहावे. टाकीला तडा असता, तर जमिनीवरचे पाणी निळे झाले असते. टाकी व भांडे यांमधला सांधा, भांड्याचे अंग, जमिनीतला सांधा, यांपैकी काहीही फुटलेले असते तरी पाणी निळेच दिसले असते. जमिनीवरचे पाणी टाकीत कधी शिरलेच नव्हते. ते टाकीच्या अलीकडचे, म्हणजे नळीतले होते. चिटणिसांच्या पत्रात जी फरशी फोडण्यास सांगितले होते, तिचा या थारोळ्याशी काही संबंध नव्हता.

मग दोन्ही गळत्यांचे माप घेण्याचे ठरले. नातीने टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर शिसपेन्सिलीने खूण केली व अँगल कॉक बंद केला. कॉक बंद करणे अवश्य असते. नाहीतर गेलेल्या पाण्याची जागा नवे पाणी घेत राहते आणि पातळी स्थिर भासते. एका तासात पाणी ४ सेंटिमीटर खाली गेले. ते उभ्या नळीच्या तोंडाच्याही पुष्कळ खाली होते. पाणी त्या नळीच्या तोंडाशी येऊन थांबले असते, तर दोष तरंगत्या गोळ्याचा ठरला असता. मधेच एखाद्या उंचीवर थांबले असते, तर त्या उंचीवर तडा शोधावा लागला असता. येथे ते सारखे उतरतच राहिले, म्हणून तळाची चकतीच दोषी. टाकीची आतली लांबी ३५ सेंटिमीटर व रुंदी १५ सेंटिमीटर भरली. ३५ × १५ × ४ म्हणजे २,१०० घन सेंटिमीटर, अर्थात तासाला २.१ लिटर. दिवसाचे झाले ५०.४ लिटर.

आणि या तासाभरात आणखी एक गोष्ट घडली. कॉक बंद असताना जमिनीवरचे कागद कोरडे राहिले. तेव्हा थारोळ्याचे मूळ कॉकच्या पुढे आणि टाकीच्या अलीकडे, म्हणजे वीतभर लांबीच्या जोडनळीत सापडणार, हे उघड झाले.

कॉक पुन्हा उघडला. थेंब पूर्वीप्रमाणेच नळीच्या खालच्या वाकणावरून पडू लागले. औषधाच्या बाटलीचे १० मिलिलिटरचे मापाचे झाकण त्याखाली धरले, ते ४ मिनिटांत भरले. म्हणजे तासाला १५० मिलिलिटर व दिवसाला ३.६ लिटर. ज्या पाण्यावरून दोन घरांचे बोलणे तुटले, ते दिवसाला ३.६ लिटर, आणि ज्याची कोणाला दादही नव्हती, ते त्याच्या चौदापट!

हे न दिसणारे पाणी पूर्वीच्या टाक्यांत असे जात नसे. जुन्या चाळींतून व रेल्वेच्या घरांतून डोक्यावर बसवलेली लोखंडी टाकी आणि तिची लोंबती साखळी अनेकांनी पाहिलेली आहे. तिच्या तळाला चकती नसे, तर आत उलट्या ‘यू’ अक्षराप्रमाणे वळलेली वाट असे. साखळी ओढली की पाणी त्या वळणावरून एकदा पलीकडे लोटले जाई व मग आपल्याच ओढीने सारी टाकी रिकामी करी. यालाच सायफन म्हणतात. साखळी न ओढता पाण्याला ते वळण चढून जाणे शक्य नसल्यामुळे चकती झिजून पाणी झिरपण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमध्ये अशा टाकीला ‘पाण्याचा अपव्यय टाळणारी’ अशा अर्थाचेच नाव होते, आणि अल्बर्ट गिब्लिन याने १८९८ साली सायफनच्या एका टाकीचे पेटंट घेतले. त्या देशात सायफनचा आग्रह इतका होता, की चकतीच्या टाक्यांना तेथील नियमांनी मोकळीक मिळाली ती २००१ सालापासून. शिवाय टाकी भरून वाहू लागली तर जादा पाणी सोडणारी नळी मुद्दाम घराच्या बाहेर, लोकांच्या नजरेस पडेल अशी काढीत. घरमालकाला कळले नाही तरी रस्त्याने जाणारा सांगे. आजच्या टाकीत तेच पाणी निमूटपणे भांड्यात उतरते आणि कोणालाही ऐकू जात नाही. सोय वाढली हे खरे, पण चुगली करणारी नळी गेली.

असो. जोडनळीतील दोष हुडकण्याचे काम नातीने केले. तिने नळी व तिचे दोन्ही पेच पुसून कोरडे केले आणि अंगाला लावण्याची पावडर कापसाने त्यांवर भुरभुरली. मग विजेरीचा प्रकाश टाकून ती पाहत बसली. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीत एक काळसर रेघ उमटली. ती खालच्या पेचापाशी सुरू होत नव्हती. टाकीच्या बुडाशी असलेल्या वरच्या पेचापासून ती निघाली, नळीच्या पोटाखालून सरकत आली आणि खालच्या वाकणाशी थेंब झाली. ओल्या रेघेचे सर्वांत वरचे टोक शोधावे, हा या कामातील मुख्य नियम होय. भावाने आवळलेला पेच बिचारा सर्वस्वी निरपराध होता. वरचे पाणी त्याच्या अंगावरून वाहत होते, एवढेच. तेथून ते भिंतीवरून ओघळून उताराने भांड्यामागे साचत असे.

तोच कारागीर पुन्हा आला. कागद, निळे पाणी आणि पावडरीतली रेघ त्याने लक्षपूर्वक पाहिली व कॉक बंद करून वरचा पेच सोडला. आतील रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता. नवा वॉशर बसवण्यास त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. पेच फार आवळू नये, नाहीतर नवा वॉशरही चेपून फाटतो, असे त्याने भावाला बजावले. नंतर त्याने टाकीच्या तळाची चकती काढली. इमारतीत विंधनविहिरीचे जड पाणी येत असल्यामुळे तिच्या कडेवर चुन्याचे पांढरे किटण चढले होते आणि तिच्या खाली केसाएवढी फट राहत होती. चकती व तिची बैठक व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसताच किटण सुटले. शौचालय धुण्याचे आम्ल आणि विरंजक चूर्ण मात्र कधीही एकत्र करू नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो व लहान खोलीत तो फार घातक ठरतो. काम संपल्यावर टाकीतील शिसपेन्सिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरून, कॉक बंद करून रात्रभर ठेवले. सकाळी पाणी खुणेवरच होते.

राहिला प्रश्न खालच्या छताचा. वरचे थारोळे आणि खालची ओल यांचा संबंध आहे, असे सगळे धरून चालले होते. पण ते अजून कोणी पडताळले नव्हते. आजोबा नातीला घेऊन खाली गेले. दार उघडले गेले, पण ‘या’ म्हणण्यास जरा वेळ लागला. आजोबांनी सर्व हकिकत सांगितली, निळ्या पाण्याने मलिन पाण्याचा संशय कसा दूर झाला तेही सांगितले आणि ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तिच्याशी तारीख लिहिण्याची परवानगी मागितली. ‘‘पंधरा दिवसांत ओल रेघेबाहेर गेली, किंवा तसूभरही आत आली नाही, तर फरशी मी स्वतः फोडून घेईन,’’ असे त्यांनी सांगितले. रेघ ओढली गेली.

पाचव्या दिवशी काही फरक दिसला नाही आणि वरच्या घरातील सर्वांच्या मनात धाकधूक सुरू झाली. नववा दिवस उजाडला तेव्हा ओलीची कड रेघेपासून दोन बोटे आत सरकली होती. पंधराव्या दिवशी खालच्या काकूंनी स्वतः वर येऊन नातीला बोलावले. छतावर पिवळसर तपकिरी डाग तसाच होता व काकांच्या मते ओलही तशीच होती. नातीने स्टुलावर चढून टिपकागदाचा तुकडा डागावर दाबून धरला. तो कोरडाच्या कोरडा राहिला. पाणी सिमेंटमधून येताना त्यातील क्षार आणि गिलाव्याचा रंग सोबत आणते. पाणी उडून जाते, पण डाग मागे राहतो. ओल गेली होती, डाग होता. काकांनी तो कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला, मग आत वळून चहा टाकण्यास सांगितले. छताला रंगाचा हात मात्र होळीपर्यंत देऊ नये, असे कारागिराचे म्हणणे पडले. कारण वरून कोरडे दिसले तरी सिमेंटच्या पोटातील ओल पुरती वाळण्यास काही आठवडे लागतात.